बोळा आक्कांची काळी खिडकी

आक्का चिडलेल्या नाहीत, असं मी अडीच वर्षांत दोनदाच पाहिलं, आणि त्यातल्या एकदा त्यांना एसटीत डुलकी लागली होती.

नांदेडला एका कापडदुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. संस्था खेड्यापाड्यांत पाहण्या करायची. किती घरांत संडास नाही, किती पोरींची शाळा सुटली, कुणाला कसला आजार. मी हदगावचा. गावोगाव हिंडून लोकांना प्रश्न विचारायचे आणि ऑफिसात येऊन उत्तरं एक्सेलच्या रकान्यांत भरायची, हे माझं काम. त्या रकान्यांतून माणसांची ओळख पुसायची, हे आक्कांचं. पाटी पुसायचा ओला बोळा असतो ना, त्यावरून मी त्यांचं नाव बोळा आक्का ठेवलं. माझ्या समजुतीप्रमाणे गुपचूप. आठवडाभरात त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "बोळा म्हन, पोतेरं म्हन. पन फाइल बारा वाजता मागितली होती, ती कुठाय?"

आक्का माउसला हात लावत नसत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडी असायची, तिच्यात पांढरी अक्षरं. त्या एक ओळ टाइप करायच्या: कच्च्या फाइलचं नाव, नियमांच्या फाइलचं नाव, नव्या फाइलचं नाव. मग एंटर असा दाबायच्या की खालच्या दुकानदारानं वर बघावं. नियमांच्या फाइलमध्ये प्रत्येक रकान्याला एक हुकूम दिलेला असे. राहू दे, पूस, खूण दे किंवा ढोबळ कर. नावाच्या जागी अक्षर-आकड्यांची एक खूण यायची. मोबाइल नंबर पुसला जायचा. चौतीस वर्षांची बाई 'तीस ते चाळीस' व्हायची आणि गावाच्या जागी नुसता तालुका उरायचा. एखाद्या रकान्याला हुकूमच दिलेला नसला, तर प्रोग्राम जागीच थांबायचा आणि त्या काळ्या पडद्यावर चक्क मराठीत विचारायचा, 'हा रकाना कोणाचा?' प्रोग्राम आक्कांनीच लिहिलेला. स्वभाव कुठे जाणार!

एकाच बाईला दर वेळी तीच खूण पडावी म्हणून प्रोग्रामला एक गुप्त शब्द द्यावा लागे. तो शब्द आणि नावांची यादी हाती असली की कुठली खूण कुणाची ते शोधून काढता यायचं, म्हणून तो आम्हा दोघांनाच ठाऊक होता. मी तो विसरायचो. मग मी हुशारी केली. शब्द चिठ्ठीवर लिहून ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली. आक्कांनी पाहिलं. चिठ्ठी काढली, माझ्याच चहाच्या कपात बुडवली, बोटानं दाबून तळाला बसवली आणि म्हणाल्या, "पी आता. पोटात तरी ऱ्हाईल."

हा राग ऑफिसपुरता नव्हता. एकदा आम्ही स्टँडसमोर भजी घेतली. आक्कांच्या हातात पडलेला कागद म्हणजे कुणाच्या तरी अर्जाची झेरॉक्स. वर एका म्हाताऱ्याचा फोटो, खाली पत्ता, मोबाइल, आजाराचं नाव, आणि त्या सगळ्यावर तेलाचा डाग. आक्कांनी भजी माझ्या हातावर ओतली. मी ओरडलो, कारण ती नुकतीच कढईतून निघाली होती. त्या तशाच माघारी गाड्यावर गेल्या. "ही रद्दी कुठून आनली?" गाडेवाला म्हणाला, "दुकानातून, मावशी. किलोनं भेटते." "सगळी दे." "सगळी? मंग मी भजी कशात देऊ?" "पळसाच्या पानात दे. न्हाईतर गिऱ्हाइकाच्या टोपीत दे. मला काय इचारतो?" ती पाच किलो रद्दी आम्ही दोघांनी माडीवर बसून दुपारभर फाडली. मी मध्येच एक कागद वाचायला लागलो तर त्यांनी तो हातातून ओढला. "फाडायला सांगितलं, वाचायला न्हाई."

मी एकदा विचारलं, आक्का, तुम्हाला एवढा राग कशाचा? त्या किल्लारीच्या. म्हणाल्या, "भूकंपात मी सहावीत होते. पत्र्याच्या शेडवर यादी डकवली होती. माझ्या नावापुढं एक शब्द लिव्हला होता. धा वर्षं लोकांनी मला त्याच शब्दानं वळखलं. नाव इसरले." मी लगेच, कोणता शब्द? आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि काळ्या खिडकीकडे वळल्या. असल्या वेळी गप्प बसावं, हे मला कधी कळलेलं नाही.

मला लेखक व्हायचं होतं, हे आता सांगून टाकतो. गावात गेलो, प्रश्न संपले की शेवटी एक 'शेरा' नावाचा रकाना असे. बाकीचे लोक तिथे 'काही नाही' लिहायचे. मी तिथे माझं साहित्य लिहायचो. घराचा दरवाजा, अंगणातली शेळी, बाईच्या डोळ्यातलं पाणी. आक्का तो रकाना एकजात पुसायच्या. "ए साहित्यिक, तुझा शेरा चुलीत गेला," असं मला सांगायच्या. मला वाटायचं, यांना वाङ्मय कळत नाही.

मग लातूर आणि नांदेडमधल्या घरात मार खाणाऱ्या बायकांची पाहणी आली. चाकूर तालुक्यातल्या एका गावात एक बाई दार अर्धं लोटून माझ्याशी तासभर बोलली. बोलण्याआधी तिनं विचारलं, "सायेब, नाव येनार न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही ताई. आमच्याकडं एक आक्का आहेत. त्या नाव ठेवतच नाहीत."

पाहणी संपली आणि आमच्या संचालक साहेबांनी लातूरला मोठी कार्यशाळा ठेवली. गावोगावचे पुढारी, अधिकारी, पत्रकार. आक्का त्या आठवड्यात रजेवर किल्लारीला. साहेब म्हणाले, "फाइल दुपारपर्यंत पाहिजे. छापायची आहे." मी काळी खिडकी उघडली. ओळ टाइप केली. एंटर दाबला, आक्कांसारखाच जोरात. प्रोग्राम थांबला.

'हा रकाना कोणाचा?'

शेऱ्याचा रकाना होता. या पाहणीच्या नियमांत त्याला हुकूम द्यायचा राहिला होता. मला 'पूस' लिहिता आलं असतं. दोन अक्षरं. पण माझे सर्वांत चांगले शेरे या पाहणीत होते. शिवाय मला आठवलं, की ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला की प्रोग्राम न विचारता पुढे जातो. आक्कांनी खोटी नावं घालून चाचणी करण्यापुरता तो ठेवला होता. शब्दच होता 'जबरदस्ती'. मी तो जोडला. फाइल तयार झाली. नाव नव्हतं, नंबर नव्हता, गाव नव्हतं. मी साहेबांना छातीठोक सांगितलं, साहेब, ओळख पटण्यासारखं एक अक्षर नाही.

लातूरच्या सभागृहात मुरमुऱ्यांचा सुशीला खात लोक बसले होते. साहेब माईकवर आले, पानं चाळली आणि माझा शेरा मोठ्यानं वाचला. "बाई गावात शिवणकाम करते. घर अंगणवाडीच्या भिंतीला लागून. डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग, नवऱ्यानं दिलेला. नवरा ट्रॅक्टरवर असतो. त्याचा आवाज आला की हिचं मशीन थांबतं." मग टाळ्या पडल्या. टाळ्या! आणि हे लिहिताना माझे कान तापताहेत, पण लिहितो: त्या टाळ्यांनी माझी छाती फुगली. शेवटचं वाक्य आपलं जमलं, असं मला वाटलं. तिसऱ्या रांगेत त्याच गावचा एक पुढारी बसला होता. त्यानं हात पुसले आणि वाटलेल्या प्रतीतल्या त्या पानाचा फोटो काढला. गावात शिवणकाम करणारी बाई एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नांदेडच्या ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"सायेब, तुमी म्हनला व्हतात नाव येनार न्हाई."

"ताई, नाव आलेलंच नाही."

"मंग माझ्या मालकाला कसं कळलं?"

मी पान काढून तिचं नाव शोधायला लागलो. खरंच शोधलं. तीनदा. ते नव्हतं, आणि मी मूर्खासारखा तिला सांगत होतो, ताई, बघा, नाव कुठेच नाही. पलीकडे ती रडत होती की धापा टाकत होती, मला कळेना. मग फोन बंद झाला.

मी आक्कांना फोन लावला, झालेलं आणि गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती ओळ वाच." मी वाचली.

"शेरा कुनी लिव्हला?"

"मी."

"प्रोग्राम थांबला न्हाई?"

"थांबला होता. मी जबरदस्ती केली."

मला वाटलं आता शिव्या येतील. मला त्या हव्या होत्या. आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "नाव काढलंस रे. बाई तशीच ठेवलीस." आणि फोन ठेवला.

मी मिळेल त्या एसटीनं निघालो. चाकूरला उतरून वडापच्या जीपनं त्या गावाला पोचलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणवाडीपुढं एक जीप उभी होती. आक्का किल्लारीहून ती भाड्यानं करून माझ्याआधी पोचल्या होत्या, सोबत एक महिला पोलीस आणली होती. ती बाई मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर शिलाई मशीनचं मुंडकं, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं. एक डोळा सुजून मिटलेला. आजूबाजूला अख्खं गाव उभं, आणि प्रत्येकाला माझं साहित्य पाठ. मी जीपकडे निघालो तर आक्का आडव्या आल्या.

"कुठं?"

"माफी मागतो, आक्का."

"ती तुझ्या सोयीची हाय. तिला गाडी सुटायची घाई हाय." आणि दार आपटून त्या पुढे बसल्या.

आठवड्यानं साहेबांनी एक पत्र तयार केलं. संस्थेनं दिलेल्या माहितीत कोणत्याही व्यक्तीचं नाव नव्हतं, सबब संस्थेची चूक नाही. त्यावर आक्कांची आणि माझी सही हवी होती. साहेब म्हणाले, "आक्का, मला या कागदावर नाव दाखवा. कुठाय नाव?"

आक्का म्हणाल्या, "साहेब, आपल्या ऑफिसात एक मानूस हाय. केसाला कलप. पांढरी गाडी. माईक दिसला की हात शिवशिवतात, आन् बाईच्या दुखन्यावर टाळ्या घेतो. मी नाव घेतलं का?"

ऑफिसात सगळ्यांची तोंडं एकाच माणसाकडे वळली आणि झटकन खाली गेली. आक्कांनी पत्राखाली सहीच्या जागी लिहिलं, 'बाई ओळखू येत होती. प्रोग्राममध्ये पळवाट मी ठेवली होती, तीही चूकच.' पत्र माझ्याकडे आलं. मला कर्जाचा हप्ता नव्हता, म्हातारं माणूस आजारी नव्हतं, कसली म्हणून अडचण नव्हती. मी फक्त भ्यालो, आणि साहेबांनी दिलेल्या, आक्कांचे शब्द नसलेल्या दुसऱ्या प्रतीवर सही केली. आजही कुठे कुणी मला लेखक म्हणून सही मागितली की बोटं आखडतात.

आक्कांनी त्याच दुपारी राजीनामा दिला. जाण्याआधी काळ्या खिडकीत बसून पाच मिनिटं काहीतरी करत होत्या. त्या गेल्यावर मी बघितलं, तर 'जबरदस्ती' हा शब्द प्रोग्राममधून गेला होता. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. अजून माईकवर बोलतात, हल्ली तर माहितीच्या गोपनीयतेवर बोलतात. ऐकलं की मी उठून बाहेर जातो. सही केली त्या दिवशी उठलो असतो तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी मी आक्कांना फोन केला. त्यांनी उचलला, हेच नवल.

"आक्का, त्या ताईंचं बरं चाललंय का?"

"हाव. चाललंय."

"मशीन?"

"चालू हाय."

"कुठं असतात त्या आता?"

"तुला कामून पायजे?"

"काही नाही, सहज."

"तवा बी सहजच लिव्हलं होतंस," आक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ती बाई कुठे आहे, मला माहीत नाही. लातूरला किंवा नांदेडला गल्लीतून जाताना एखाद्या उघड्या दारातून मशीनचा आवाज येतो. मान वळायला लागते. मी ती धरून पुन्हा रस्त्याकडे करतो आणि चालायला लागतो.