नर्सबाई आणि पाण्याचा दर

नर्सबाई कुणाकडेही गेल्या की आधी न्हाणीघरात डोकावत. "घर कसं चाललंय ते दिवाणखान्यात कळत नाही," म्हणत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या हडपसरला आमच्या सोसायटीत एकट्याच राहत होत्या.

आमच्याकडे महापालिकेचं पाणी अजून आलेलं नाही. सोसायटीची बोअरवेल आणि उन्हाळ्यात टँकर, एवढ्यावर भागवायचं. दोन वर्षांपूर्वी कमिटीनं घरोघर मीटर बसवले आणि मर्यादेपेक्षा जास्त पाण्याला तिप्पट दर लावायचं ठरवलं. मी सेक्रेटरी. नासाडी थांबेल, एवढाच माझा विचार.

"अहो, हा दर कुणाला जड जाईल ते तरी बघाल की नाही?" बाईंनी विचारलं. आम्ही बघितलं नाही. मग त्याच गुडघे धरत, जिन्यात टेकत घरोघर फिरल्या.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं त्यांनी सभेत वाचलं. एका घरात जुळी तान्ही बाळं. एका घरात आठ माणसं. तिसऱ्या मजल्यावर विधवा सुरेखा, पॅकिंगच्या कारखान्यात जाणारी. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, चादरी दिवसातून तीनदा धुवाव्या लागतात.

"नियम सगळ्यांना सारखाच हवा," अध्यक्ष म्हणाले.

"नियम सारखा आहे हो. अंथरुणं सारखी नाहीत."

कुणीतरी हसलं. तिप्पट दराच्या ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला.

सुरेखानं पाणी वाचवायला सुरुवात केली. चादर दिवसाआड धुऊ लागली. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या. कळल्यापासून बाई दोन्ही वेळा ड्रेसिंगला जात, स्वतःच्या घरून बादली भरून नेत. एकदा जिन्यात मी ती बादली घ्यायला गेलो.

"राहू द्या, सेक्रेटरी. तुमचा हात सभेत पाहिलाय मी."

पंधरा दिवसांत म्हातारी गेली. सुरेखा खोली सोडून माहेरी निघून गेली. पुढच्या सभेत, आजारी माणूस असलेल्या घराला सवलत द्यायचा ठराव मीच मांडला. एकमतानं मंजूर झाला. बाई खाली मान घालून बसून होत्या.

त्याच महिन्यात त्या कायमच्या लेकीकडे साताऱ्याला निघाल्या. टेम्पोत सामान चढत होतं. सगळ्यांचा निरोप घेऊन शेवटी त्या माझ्यापाशी आल्या.

"दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा लागलाय," त्या म्हणाल्या. "वर जाऊन विचारून या, बाळ आल्यावर पाणी किती लागेल ते. आत्ताच."