पडद्यावरची घागर

चित्रपटाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. निवृत्तीनंतर लेखणी धरणाऱ्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

आज गल्लीत टँकर आला आणि ओल्या लोखंडाच्या वासाने मला नुकत्याच जिल्हा झालेल्या लातुरात नेले. त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या महाविद्यालयात पाणीटंचाईवरचा एक नावाजलेला, पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवला होता. माझ्या आग्रहाखातर पत्नी टँकरच्या रांगेतला नंबर सोडून आली. पडद्यावर नायिका डोक्यावर घागर घेऊन कितीतरी वेळ चालत राहिली. मी कंटाळून गेलो होतो. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, तिची घागर रिकामी हाय. भरली घागर घेऊन कुणी अशी मान वळवत न्हाई."

मलाही ते पटले. मात्र चर्चेत प्राचार्यांनी मत विचारले, तेव्हा मी उठून म्हणालो, "दुष्काळाचे इतके वास्तव चित्रण विरळाच."

घरी रांजण कोरडा होता. मी पाणी मागितले. "तुमचं ते वास्तव देऊ का तांब्यात?" ती म्हणाली.

तेव्हा मी हसलो होतो. आता ती नाही, आणि हसूही येत नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिचे म्हणणे त्या सभेत सांगितले असते का?