खालच्या मामांचं छत

राजसबाईंनी विद्याधररावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नखशिखांत पांढरे होते. केसांना, भुवयांना, बनियनला, सगळीकडे भस्म. एवढं भस्म फासलेला माणूस म्हणजे थेट कैलासावरून, वाटेत कुठेही न थांबता आलेला साधू, अशी बाईंची खात्रीच पटली. त्यांनी पसाभर तांदूळ आणून पुढे केले आणि वाकून नमस्कारही केला.

"बाई, हे भस्म नाही," साधू म्हणाला. "माझं छत आहे."

बाई तंजावरकडच्या मराठी. चेन्नईत एग्मोरला तिसऱ्या मजल्यावर त्या भरतनाट्यम शिकवत. नवरा गेल्यापासून संध्याकाळचा तो वर्ग हाच त्यांचा दिवस होता. खाली राहणारे विद्याधरराव मूळचे नागपूरचे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाडा कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जन्मभर त्यांनी रणगाडे सोसले, पण वरच्या पोरींच्या टाचांपुढे हात टेकले. त्यांच्या तक्रारीवर सोसायटीने निकाल दिला: महिनाभरात आवाज थांबवा, नाहीतर वर्ग.

बाई मुकाट्याने चाळ पेटीत भरू लागल्या. हे कळल्यावर विद्याधररावच बिथरले. आपण आवाज बंद करा म्हटलं होतं, नाच नव्हे. नाच बंद करणं हा काय उपाय झाला, असं बाईंनाच तावातावाने सुनावून ते त्यांना फ्लोअरिंगच्या दुकानात घेऊन गेले.

हे २००७ सालचं. लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या तेव्हा नवलाच्या होत्या. दुकानाच्या खालच्या मजल्यावर बाथरूमचं सामान मिळे. वर बाई कांजीवरम नेसून एकेका नमुन्यावर पाय आपटत होत्या, आणि खाली विद्याधरराव शोभेच्या कमोडवर बसून, डोळे मिटून, छताकडे कान लावून ऐकत होते. तोच कमोड घ्यायला आलेलं एक कुटुंब अदबीने थांबून राहिलं. शेवटी जाड विनाइल आणि खाली मऊ थर असलेल्या नमुन्याला त्यांनी पसंती दिली.

पट्ट्या सरळ बसवाव्यात, कापाकापी कमी होते, असं त्यांचं मत. बाईंची नजर मात्र माशाच्या काट्यासारख्या नक्षीवर खिळली. टाचा जोडाच्या टोकाशी ठेवून त्या अर्ध्या बैठकीत उतरल्या. दोन्ही पावलं दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसली.

"पावलं निदान एवढी तरी बाहेर वळलेली हवीत, सार. रोज ओरडते मी. आता जमीनच सांगेल."

जमीन बसली आणि विद्याधरराव तिचे पालक झाले. बाईंकडे कामाला येणाऱ्या भवानीने पहिल्याच दिवशी फिनेलची बादली उचलली, तसे ते धावत वर आले. घट्ट पिळलेलं फडकंच फिरवायचं, पाणी सांध्यात गेलं की कडा उचलतात. वेण्यांमधून ठिबकलेलं तेल सौम्य साबणाने टिपायचं. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे. दुपारी पडदे ओढायचे. दर शनिवारी ते गुडघ्यांवर रांगत तपासणी करत.

"मामा, स्वतःच्या घरात कधी फडकं धरलंत का?" भवानीने एकदा विचारलं. ते ऐकू न आल्यासारखे रांगत राहिले.

नाचाआधी भूमीला नमस्कार करतात. तुझ्यावर पाय आपटणार आहोत, क्षमा कर, म्हणून. बाईंनी विचार केला, तिसऱ्या मजल्यावर भूमी कुठली, पायाखाली तर विद्याधरराव. तेव्हापासून पोरी भूमीनंतर आणखी एक नमस्कार करू लागल्या, खालच्या मामांना. कारण बाई कधीच विसरल्या नाहीत की त्यांची संध्याकाळ त्या माणसाने परत मिळवून दिली होती. विद्याधररावांना हे समजलं तेव्हा ते "उगाच काहीतरी" म्हणाले आणि बराच वेळ एकच पट्टी पुसत बसले.

दोन वर्षांनी ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. खाली राममूर्ती नावाचे भाडेकरू आले. त्यांना ऐकू येत नव्हतं.