अंबाड्यातला खडू

बायका अंबाड्यात फूल खोचत; आमच्या शिवणाच्या अक्का खडू खोचत. विधवा बाईनं फूल माळायचं नाही, असा तो काळ. "मग मोकळी जागा वाया कशाला घालवू?" म्हणायच्या. संध्याकाळपर्यंत निम्मे केस पांढरे व्हायचे. वर्ग सुटल्यावर पदरानं झटकले, की अक्का दहा वर्षांनी लहान दिसायच्या.

दाजीबान पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर तो सरकारी शिवणवर्ग भरायचा. शाळा सुटलेल्या, वय उलटलेल्या बायकांनीही हाताला काम शिकावं, अशी योजना. सतरा वर्षांची मी तिथली सगळ्यात शहाणी. म्हणजे तसं मला एकटीलाच वाटायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि काज असं करायची, की त्यातून बटण काय, लिंबू जावं.

टीप वाकडी गेली की अक्का एकच शब्द बोलत, "उसव." उसवून झालं की, "परत घाल." एकदा चौथ्यांदा उसवताना मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अक्का, तुम्हीच घाला की." तर म्हणाल्या, "माझी टीप तुला जन्मभर पुरंल का ग?" मशीनवर बसून मागं वळलेलं त्यांना खपत नसे. "मागं बघितलं की टीप वाकडी जाते."

अक्का मूळच्या मिरजेकडच्या. कानडी फडाफडा बोलत, भाजीवालीशी भांडत ते कानडीतच. लिहिता मात्र मराठीच येई. आमचं गाव कानडी राज्यात जाऊन काही वर्षं झाली आणि वर्गाचे कागद कानडीत यायला लागले. महिन्याचा अहवाल शिक्षिकेनं स्वतः कानडीत लिहायचा; वर्षानं तपासणी, आणि लिहिता आलं नाही तर वर्ग दुसऱ्या बाईकडं. पन्नाशीच्या अक्का बेतायच्या फळीवर खडू घेऊन कानडी शाळेत शिकलेल्या माझ्यापुढं बसल्या. "आता तू बाई, मी पोरगी. रोज चार अक्षरं दे."

पहिल्या दिवशी चार दिली. गिरवून गिरवून त्यांनी फळी पांढरी केली. दुसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. शिवाय माझं अक्षर मोत्यासारखं, ते मिरवायचंही होतं. "होगली बिडरी अक्का," मी म्हटलं, "जाऊ द्या. आणा हिकडं, मी लिहून देते." त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. तेव्हा "उसव" म्हणायला हवं होतं त्यांनी. पण दिवसभर सगळ्यांच्या टिपा तपासून त्या दमलेल्या असत. वर्षभर अहवाल मीच लिहिले, सही तेवढी त्यांची.

तपासणीचे साहेब आले. वही बघून खूश झाले. मग म्हणाले, "ह्या महिन्याचा अहवाल माझ्यासमोर लिहा." सवयीनं मीच पेन उचललं. "नी अल्ल," साहेब म्हणाले, "अवर बरीली." तू नव्हे, त्यांना लिहू दे.

अक्कांनी पेन घेतलं नाही. अंबाड्यातला खडू काढला आणि फळीवर चार अक्षरं काढली. पहिल्या दिवशी मी दिलेली. गोल, सुबक, जणू बेतून कापलेली. पाचवं माझ्याकडंच राहिलं होतं. त्या थांबल्या, माझ्याकडं न बघता खडू परत केसांत खोचला. मान खाली घातली ती साहेबांनी.

महिन्याभरात वर्ग दुसऱ्या बाईंकडं गेला. अक्का मिरजेला निघाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेले, शिव्या खायच्या तयारीनं. गाडी हलली तेव्हा अक्का म्हणाल्या, "काजं घट्ट कर." एवढंच. पुन्हा भेट नाही.

आजही मशीनवर बसले की पाठीमागं खडूचा वास येतो. नातवंडं हसतात, "आज्जीचं भूत!" हसू देत. लोकांची भुतं झाडाला लटकतात. माझं गळ्यात टेप घालून मागं उभं असतं.

परवा देशपांडे नगरात म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवायचा सरकारी वर्ग निघाला. शिकायला वय नसतं म्हणे. मीही गेले. माझी बोटं अडखळलेली बघून शिकवणारी पोरगी म्हणाली, "द्या आज्जी, मी करून देते."

मी तिचं मनगट असं धरलं, की ती घाबरलीच. "करून देऊ नको ग," म्हटलं, "शिकव. वेळ लागंल, लागू दे."

पहिलंच अक्षर चुकलं. तिनं पुसलं. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "परत घाल."

मी वळून बघितलं नाही. टीप वाकडी जाते.