चवीपुरता पंप

मालेगावच्या आठवडी बाजारात कस्तुराबाईचे फुटाणे विकत घेण्याआधी मूठभर फुकट खायचे असतात. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण तो मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. माणूस येतो, पाटीत हात घालतो, चावतो, आभाळाकडे बघतो, "मीठ जराक कमी हाय" म्हणतो आणि पावशेर घेतो. काही जण आभाळाकडे बघत तसेच पुढे जातात. त्यांच्याबद्दलही कस्तुराबाईची तक्रार नाही. "चव घेतल्याबिगर मानसाले समजन कसं?" हे तिचं धंद्यातलं एकमेव तत्त्व. त्याच्यावर तिने चाळीस वर्षं काढली.

फुटाणे ती घरीच भाजते. अंगणात भट्टी, भट्टीवर कढई, कढईत वाळू आणि खाली कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या तुऱ्हाट्या. जाळ पडला की फुकणीने फुंकायचं, फुंकलं की धूर तोंडावर येतो, धूर आला की खोकायचं, खोकला थांबला की पुन्हा फुंकायचं. चाळीस वर्षांत हा खोकला घरातल्या माणसासारखा झाला होता. बायको घरात कुठे आहे हे बबनरावांना त्याच्यावरूनच कळे. कोरडा असला तर भट्टीवर, ओला असला तर मोरीत, आणि ऐकूच आला नाही तर ती बाजारात गेलेली.

यंदा मात्र बसस्टँडपासून बाजारापर्यंत पाटी नेताना ती तीनदा खाली बसली. तिसऱ्या वेळी शेजारी पाटीही बसली आणि दोन किलो फुटाणे रस्त्यावर गेले. माणूस पडलं तर बबनरावांनी एकवेळ वाट पाहिली असती. माल सांडला म्हणताच ते तिला घेऊन तडक दवाखान्यात गेले.

डॉक्टर रुचिका मॅडम वयाने लहान आणि आवाजाने मऊ होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, बिडी, तंबाखू?"

"छ्या! मी कायले?"

"मग घरात कोण धूर करतं?"

"भट्टी."

मॅडमनी एक प्लास्टिकची नळी हातात दिली. तिच्यावर आकडे होते आणि एक बारीकसा काटा. "यात जोरात फुंकायचं, एका दमात."

कस्तुराबाई हसली. "फुकाचं? बाई, मी जल्मभर तेच करून राह्यली." तिने पदर खोचला, भट्टीपुढे बसावं तशी बसली आणि फुंकलं. काटा एकशेऐंशीवर जाऊन थांबला. तिने नळीत एका डोळ्याने पाहिलं. "चोंदली असन."

नळी चोंदलेली नव्हती. मॅडमनी दोन पंप लिहून दिले, एक निळा आणि एक गुलाबी, आणि दोन्ही कसे ओढायचे ते चार वेळा करून दाखवलं. "निळा फक्त दम लागला तर. गुलाबी मात्र रोज. सकाळी एक, संध्याकाळी एक, घेतल्यावर चूळ भरायची. दम असो नसो, चुकवायचा नाही. त्याचा गुण सावकाश येतो. गुलाबीच्या ह्या खिडकीत एकशेवीस आकडा आहे, दर वेळी एकाने कमी होईल. दोन महिन्यांनी या. नळीतला काटा पुढे सरकला नाही, तर आजी, भट्टी बंद करावी लागेल."

बबनराव कानाने जरा जड. आधीचं सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं, पण शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. पऱ्हाट्या वाहून वाहून त्यांच्या खांद्याला घट्टा पडला होता. त्याच संध्याकाळी ते मशीनवर भाजलेल्या फुटाण्यांचं एक सीलबंद पाकीट घेऊन आले.

"पाह्य. सगळे एका मापाचे. ना धूर, ना राख. पोतं आनाचं आन इकाचं."

कस्तुराबाईने एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ तो इकडून तिकडे फिरवला आणि तळहातावर काढून नवऱ्यापुढे धरला. "हा हरभरा मेल्यावर भाजला."

विषय तिथे थांबला. पाकीट मात्र बबनरावांनी फेकलं नाही. ते त्यांनी कोनाड्यात ठेवलं, दोन महिन्यांनी लागेल म्हणून.

दोन्ही पंपांची परीक्षा कस्तुराबाईने आपल्या पद्धतीने घेतली. निळा ओढला की छाती उघडायची. गुलाबी ओढला की काहीच व्हायचं नाही. झोंबत नाही, कडू लागत नाही, अंगावर काटा येत नाही. सकाळी घेतला, दुपारपर्यंत वाट पाहिली, काही नाही. चूळ भरायचं तर तिला मुळीच पटलं नाही. एवढं औषध तोंडात घ्यायचं आणि पाण्याने धुऊन टाकायचं कायले? चौथ्या दिवशी तिने निकाल दिला. निळा खरा, गुलाबी खोटा. निळा कमरेच्या पिशवीत गेला आणि गुलाबी बाजाराच्या थैलीत, वजनमापांबरोबर. घरी असताना तिला त्याची आठवण होत नसे. बाजारच्या दिवशी वजनं काढताना तो हाताला लागे, तेव्हा ती दोन-तीनदा ओढून घेई.

शेजारी अमीनाबीचं बांगड्यांचं दुकान. वीस वर्षांचा शेजार. अमीनाबीलाही थंडीत छातीत सूं सूं होई.

"कस्तुराबाई, हे काय ओढून राह्यली वं?"

"दम्याचा पंप. घे, पाह्य चव."

हे ती विचार करून बोलली नाही. चाळीस वर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. अमीनाबीने ओढला आणि आभाळाकडे पाहिलं. "ना तिखट, ना मीठ. नुसती हवा हाय बाई."

पुढच्या बाजारी अमीनाबी मिरचीवालीला घेऊन आली. मिरचीवालीला खोकला होता, तो मिरचीचा होता, पण खोकला तो खोकला. तिने लसूणवाल्याला सांगितलं. लसूणवाल्याने एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, आणि कंडक्टर गाडी उभी ठेवून चव घेऊन गेला. दोरवाल्या सेवालालला दमा नव्हता, खोकला नव्हता, साधी सर्दीही नव्हती. पण सगळा बाजार घेत असताना आपण एकट्याने मागे राहावं हे त्याला बरं दिसलं नाही.

कस्तुराबाई प्रत्येकाच्या आधी पंपाचं तोंड पदराने पुसत असे. स्वच्छतेची तिला जाण होती. निळा पंप मात्र कोणी मागितला नाही, आणि मागितला असता तर मिळाला नसता. चव देण्यातही काही हिशोब असतो. जे आपल्याला लागत नाही ते वाटायला हात मागे घेऊ नये.

अशा आठ बाजारांत खिडकीतला आकडा शून्यावर आला. पाटी रिकामी झाली म्हणजे बाजार चांगला झाला, असंच ती आजवर समजत आलेली. ती समाधानाने दवाखान्यात गेली. बबनरावही सोबत होते. त्यांच्या खिशात कोनाड्यातलं पाकीट होतं.

मॅडमनी पंप पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "शून्य! साठ दिवस, एकशेवीस डोस. आजी, इतक्या नेमाने औषध घेणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं."

कस्तुराबाईने पदर सारखा केला. मग नळी आली. तिने फुंकलं. काटा एकशेसत्तरवर गेला.

मॅडमनी काटा कागदावरच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिला. "सगळं औषध घेऊनही आकडा खालीच आला," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे धूर औषधाला भारी पडतोय. आजी, आता भट्टी बंदच करावी लागेल."

बबनरावांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

कस्तुराबाईने पाकिटाकडे पाहिलं. आत सगळे एका मापाचे, एका रंगाचे, मेल्यावर भाजलेले. ते तिने पाटीत ओतायचे आणि बाजाराने त्यात हात घालायचा. कोणी आभाळाकडे बघणार नाही, कोणी मीठ कमी म्हणणार नाही, कारण म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एका बाजूला ते पाकीट आणि दुसऱ्या बाजूला आत्ताच मिळालेली शाबासकी. असली शाबासकी तिला शाळेत मिळाली नव्हती, कारण ती शाळेत गेली नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "तो पंप म्या एकटीनं नाई घेतला."

"म्हणजे?"

"बाजारानं घेतला."

मॅडमनी चष्मा काढला. कस्तुराबाईने बोटावर मोजून नावं सांगितली. अमीनाबी, मिरचीवाली, लसूणवाला, कंडक्टर, कंडक्टरचा ड्रायव्हर, सेवालाल. हाताची बोटं संपली तेव्हा ती दुसऱ्यांदा अंगठ्यावर आली.

"आणि तुम्ही स्वतः किती घेतला?"

"बाजाराच्या बाजारी दोन-तीन."

"म्हणजे वीस-बावीस. आणि बाकीचे शंभर?"

"चवीत गेले."

बबनरावांना एवढं नीट ऐकू आलं. "आता माय!" ते म्हणाले. "औशदाचीबी चव वाटली इनं!"

"ह्या सेवालालला काय त्रास होता?" मॅडमनी विचारलं.

"काई नाई. तो सोबतीले."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. चष्मा पुन्हा चढवला तेव्हा त्यांचा आवाज कडक झाला होता. एकाच्या तोंडचा पंप दुसऱ्याने घेतला तर एकाचा आजार दुसऱ्याकडे जातो, आणि पदराने तो पुसला जात नाही. ज्याला त्रास असेल त्याने इथे यावं, तपासून घ्यावं, स्वतःच्या नावाचा कागद न्यावा. "आणि आजी, हे औषध हरलेलं नाही. ते तुम्ही घेतलंच नाही. आणखी दोन महिने देते. रोज, दोन वेळा, एकटीने. भट्टी तोवर राहू दे, पण जाळासमोर तुम्ही बसायचं नाही. फुंकायचं नाही. धूर वर जाईल असं धुराडं बसवा. जाळ बघायला दुसरं माणूस ठेवा."

"दुसरं मानूस कोन?" बबनरावांनी विचारलं.

दोघी त्यांच्याकडे पाहत होत्या.

पुढचा बाजार कस्तुराबाईला जड गेला. गुलाबी पंप घरी होता, देवळीत, दंतमंजनाच्या डबीशेजारी. उठलं की पंप, मग चूळ, मग चहा. बाजारात सगळ्यांनी विचारलं, "आज चव नाई का?" आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा "नाई" म्हणावं लागलं. कस्तुराबाई बदलली, असं मिरचीच्या ओळीत बोललं गेलं. सेवालालने मनाला लावून घेतलं. दोन बाजार तो समोरून गेला आणि त्याने फुटाण्यांच्या पाटीतही हात घातला नाही. ज्याला हा बाजार माहीत आहे त्याला हा निषेध किती मोठा होता ते कळेल.

अमीनाबीने सरळ विचारलं. "तूच म्हनत होती ना वं, खोटा हाय, गुण नाई म्हनून? आता येकटीच घेऊन राह्यली?"

"अमीना, हरभरा पयल्या शेकाले फुटते का?"

"मले काय ठाव? मी बांगड्या इकते."

"नाई फुटत. पयला शेक द्याचा, हयदीमिठाचं पानी माराचं आन झाकून ठेवाचा. वरून पाह्यलं तं काईच झालं नाई. पन तो आतून मुरून राह्यला अस्ते. मंग दुसऱ्या शेकाले तडातडा फुटते. अन ज्यानं पयल्या शेकालेच उचलून वाटून देल्ला, त्याच्या हातात काय?"

"गोटे," अमीनाबी म्हणाली.

"मले हे ठाव होतं वं. चाळीस वर्सांपासून ठाव होतं. कढईतलं ठाव होतं, छातीतलं नोतं."

दोन बाजारांनंतर अमीनाबी दवाखान्यात जाऊन आली, आणि तिचा स्वतःचा पंप बांगडीच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी गेली. तो तिने कोणाला दाखवलाही नाही. सेवालालही म्हणे जाऊन आला. मॅडमनी त्याला तपासलं आणि काही झालेलं नाही म्हणून परत पाठवलं. तो खट्टू झाला, पण फुटाण्यांवरचा राग त्याने मागे घेतला.

दोन महिन्यांनी कस्तुराबाईने नळीत फुंकलं आणि काटा दोनशेतीसवर गेला. मॅडमनी पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा दोनशेतीस. "भट्टी राहू दे," त्या म्हणाल्या. "पण तुमची जागा जाळापासून लांब. आणि पंप बंद करायचा नाही, बरं वाटलं तरी."

"बरं वाटलं तरी," कस्तुराबाईने पाठ केलं. बसस्टँडपासून बाजारापर्यंत आता ती एकदाच बसते, तेही कोणी ओळखीचं भेटलं म्हणून.

भट्टीवर परवेज पत्रेवाल्याने टिनाचं धुराडं बसवून दिलं आहे. कढई दुसऱ्या अंगाने कस्तुराबाई हलवते, लांब दांड्याच्या झाऱ्याने, वाऱ्याकडे पाठ करून. जाळापुढे हातात फुकणी घेऊन बबनराव. मशीनच्या फुटाण्यांचं पाकीट त्यांनी शेवटी एकट्याने, गुपचूप, डावी दाढ सांभाळत संपवलं.

परवा संध्याकाळी वारा फिरला आणि धुराडं असूनही थोडा धूर बबनरावांकडे आला. ते खोकले. कोरडा, चांगला लांब खोकला. कस्तुराबाई तेव्हाच आपला पंप घेऊन, चूळ भरून दारात आली होती. बबनरावांनी हात पुढे केला.

"जराक पाहू दे वं."

तिने पंप पदराआड नेला. "सकाळी मॅडमकडे चाला. आपल्या नावाचा कागद काढा."

"घरच्या मानसालेबी नाई?"

"नाई."

बबनराव तोंड पाडून बसले. तिने त्यांना तिथून उठवून वाऱ्याच्या बाजूला बसवलं, कढईतून नुकत्या फुटलेल्या दाण्यांची एक मूठ चाळली, फुंकर न घालता तशीच त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ह्याची घ्या चव."

बबनरावांनी चावलं. आभाळाकडे पाहिलं.

"मीठ जराक कमी हाय."