पसरलेले कबड्डीपटू

कबड्डीच्या आख्ख्या संघाला मी एकदा स्वतःच्या हाताने तूप पाजलं आणि संघ पसरला.

माझा पेशा दूध तपासण्याचा. संगमनेरजवळच्या एका डेअरीत मी गेली अनेक वर्षं दुधाची फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजतो. आमच्या भागात फॅटवर दुधाचा भाव ठरतो, दूधवाल्याची पत ठरते आणि (कुणी कबूल करणार नाही, पण) कधीकधी सोयरीकसुद्धा ठरते. त्यामुळे जगात काहीही बिघडलं की मला पहिली शंका येते ती फॅट कमी असल्याची. आमटी बेचव झाली? फॅट कमी. मोटारसायकल कुरकुरते? फॅट कमी. पुढचं सगळं रामायण माझ्या ह्या एका खोडीमुळे घडलं.

माझी बायको सुरेखा साखरेची बिस्किटं करते. शहरात त्यांना कुकीज म्हणतात. बिस्किट भाजायचं, गार करायचं आणि त्यावर साखरेच्या पातळ आयसिंगने चित्र काढायचं. मोबाईलवर क्लास लावून ती हे शिकली, पण हात तिचा उपजतच. क्रिकेटवेड्या भाच्याच्या वाढदिवसाला तिने बॅट, चेंडू आणि स्टंपांची बिस्किटं केली होती, तेव्हा एका काकांनी चेंडूची शिवण खरी आहे का म्हणून नखाने उसवून पाहिली. ती उसवली नाही, तुटली. काकांनी मग पुरावा खाऊन टाकला.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, एक आण्णा सोडून. आण्णा म्हणजे माझे सासरे. सुरेखाचं माहेर घोडेगावच्या पलीकडे. आण्णांनी आयुष्यभर घोडेगावच्या बाजारात बैल पारखले आणि माणसालाही ते त्याच नजरेने बघतात. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला अंगणातून एक चक्कर मारायला लावली होती. (मी मारली. नोकरी नवी होती, कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती.) तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, तेव्हा तिला हुतूतू म्हणत. बिस्किटांचा मात्र त्यांना राग. "बिस्किट ही आजाऱ्यानं चहात बुडवून खायची वस्तू. त्याच्यावर चित्रं काढायचं हे काय काम हाय?" असं ते सुरेखाला तोंडावर म्हणाले होते. ती तेव्हा हसली. घरी आल्यावर तिने आधीच स्वच्छ असलेला ओटा दोनदा घासला.

आणि एके दिवशी तिच्या भावाचा, संपतचा, फोन आला.

"ताई, आपला संघ फायनलला आलाय. रविवारी आपल्याच शाळेच्या मैदानावर हाय. आपल्या समद्या लोकांना वाटायला तुझी ती चित्राची बिस्किटं पायजेत. आपले खेळाडू काढ त्याच्यावर."

"आण्णांना विचारलंस?"

"न्हाई. आण्णा पयल्या रांगेत बसत्यात. दिसंल की त्यांला."

फोन ठेवून सुरेखाने आधी कागद-पेन्सिल शोधून काढली. मग म्हणाली, "अहो, आण्णा बघणार आहेत. एकसुद्धा बिस्किट वाकडं जाता कामा नये." ऑर्डर संपतची असली तरी परीक्षा आण्णांकडे होती, हे माझ्याही लक्षात आलं.

तिने तयारी तशीच केली. बाजारात फुटबॉलपटूचा साचा मिळतो, घोड्यावर बसलेल्या पोलो खेळाडूचाही मिळतो, पण कबड्डीपटूचा मिळत नाही. तिने कागदावर एक बचावपटू काढला. गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात बाजूला पसरलेला. मग तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, पट्टी वाकवून साचा केला. तो बघूनच मी गार पडलो. त्या पत्र्याच्या माणसाच्या मांड्या माझ्यापेक्षा भरदार होत्या.

शनिवारी सकाळी तिने लोणी, पिठीसाखर आणि मैदा मळून गोळा फ्रीजमध्ये ठेवला.

"मी रंग आणि खोके घेऊन येते. ते पीठ गार होऊ दे. त्याला हात लावू नका."

"मी कशाला हात लावू?" मी म्हणालो, आणि ते म्हणताना मी अगदी प्रामाणिक होतो.

ती गेली. मी पाण्यासाठी फ्रीज उघडला. समोर गोळा. सहज बोट दाबून पाहिलं, तर बोट आत जाईना! कडेने दाबलं तर भेग पडली. माझ्यातला फॅटवाला खडबडून जागा झाला. आमची आई शंकरपाळ्यांचं पीठ मळायची तेव्हा आधी मुठीत दाबून बघायची. मूठ वळली तर ठीक, नाहीतर कडकडीत तुपाचं मोहन कमी. इथे तर मोहनाचा पत्ताच नव्हता! बिचारी सुरेखा धांदलीत विसरली, आणि आता माहेरच्या लोकांपुढे तिची फजिती होणार. ती वाचवणं नवरा म्हणून माझं कर्तव्य होतं. (लोणी गार झालं की घट्ट होतं हे मी रोज डेअरीत बघतो. त्या दिवशी ते ज्ञान डेअरीतच राहिलं.)

मी साजूक तूप कडकडीत तापवलं आणि पळीभर पिठात ओतलं. चर्र असा आवाज झाला, फार बरं वाटलं. मग मनात आलं, सासरचं काम आहे, हात आखडता कशाला घ्या? आणखी एक पळी ओतली. दणकून मळलं. गोळा असा मऊ आणि चकचकीत झाला की त्याच्यात मला माझा चेहरा दिसायचा बाकी राहिला. होता तसा झाकून फ्रीजमध्ये ठेवून दिला आणि पेपर वाचत बसलो.

सुरेखा आली, तिने गोळा ओट्यावर घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"हे इतकं मऊ कसं?"

"आपला फ्रीज जुना झालाय," मी चष्मा सावरत पेपरामागून म्हणालो.

खोलात जायला तिला वेळ नव्हता. दुरुस्तीच्या कामासाठी दुपारनंतर वीज जाणार होती आणि ती रात्रीशिवाय येत नाही हा आमच्याकडचा शिरस्ता. तिने भराभर पोळी लाटली, साच्याने खेळाडू कापले आणि ट्रेमध्ये ओळीने मांडले. सगळे कसे हात पसरून सज्ज! ट्रे ओव्हनमध्ये गेला. आम्ही दोघं काचेसमोर उभे राहिलो.

पहिल्यांदा खेळाडू गुडघ्यात आणखी वाकले. मला वाटलं, तयारीत आहेत. मग ते खाली बसले. मग त्यांच्या कमरा सुटल्या, गळे गेले, भरदार मांड्यांच्या उशा झाल्या. बघता बघता एकेकाचे पसरलेले हात शेजाऱ्याच्या हाताला लागले आणि मिसळून गेले. कबड्डीचं मैदान संपून लग्नाची पंगत बसली! आणि सगळ्या घरात शंकरपाळ्यांचा खमंग वास सुटला.

सुरेखाने तो वास हुंगला आणि ती माझ्याकडे वळली.

"तूप कडकडीत होतं की कोमट?"

"कडकडीत." (अशा वेळी निदान तपशील तरी अचूक द्यावा.)

"किती?"

"दोन पळ्या."

"का?"

"फॅट कमी वाटली."

तिने कापून ठेवलेला पुढचा ट्रे आत सरकवला. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटचा ट्रे बाहेर निघाला आणि वीज गेली. आता नवीन पीठ मळून उपयोग नव्हता. आयसिंग वाळायलाच आख्खी रात्र लागते आणि सकाळी निघायचं होतं.

"गॅसवर कढईत भाजून बघू का?" मी विचारलं.

"तुम्ही बसा."

मी बसलो. तिने सुरी घेऊन खेळाडू वेगळे करायला सुरुवात केली. पहिल्याचा हात खांद्यातून तुटला, पण शेजाऱ्याला चिकटलेलाच राहिला. दुसऱ्याचे दोन्ही तुटले.

"ह्यांना जखमी दाखवता येईल," मी बसल्या जागेवरून सुचवलं.

तिने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "आण्णा म्हणणार, बघा, हेच ते काम," एवढंच ती बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बिस्किटांत तिचा किती जीव अडकला होता हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी त्यात तूप ओतलं होतं. काय करावं सुचेना म्हणून मी तुटलेला एक हात खाल्ला. चव उत्तम होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

ट्रे उचलून फेकायला म्हणून ती खिडकीशी गेली आणि उजेडात थांबली. ट्रे तिरपा केला, मग सरळ केला.

"अहो, ह्यांनी एकमेकांचे हात धरलेत."

"माझ्यामुळे," मी मान खाली घालून म्हणालो.

"चढाईवाला आत आला की बचाव करणारे काय करतात? हात धरून साखळी करतात आणि त्याला मध्ये घेतात. मी शाळेत उजव्या कोपऱ्याला खेळायचे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझी बायको उजव्या कोपऱ्याला खेळायची हे मला त्या दिवशी कळलं! ती पुन्हा ओट्याशी आली, पदर खोचला आणि कामाला लागली. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, पण असं काम बघितलं नाही. बसलेल्यांचे गुडघे तिने एका काळ्या रेषेने उभे केले. सुटलेल्या पोटांवर पिवळे बनियन ताणून बसवले, त्यावर दंडाचे, छातीचे उभार काढले आणि ते लठ्ठ लोक बघता बघता दणकट दिसायला लागले. जिथे हात हातात विरघळले होते तिथे तिने एकेक बोट काढून घट्ट मूठ दाखवली. एकाचे दात आवळलेले, एकाची नजर तिरपी, एकाच्या मिशीला घाम. बाहेर अंधारून आलं तशी मी मोबाईलची बॅटरी धरून उभा राहिलो. तेवढं एक काम माझ्यावर सोपवलं होतं आणि तेही, "नुसतं धरा," असं बजावून. खरं सांगतो, मला तिचा इतका अभिमान वाटत होता की हात दुखतोय हेसुद्धा मी बोललो नाही.

रविवारी घोडेगावच्या पुढे पोहोचेपर्यंत खोके माझ्या मांडीवर आणि गाडी सुरेखाच्या हातात होती. प्रत्येक गतिरोधकाला ती गाडी हळू करून माझ्याकडे बघायची. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मैदानावर गाव लोटलं होतं. आण्णा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. ठरलं असं होतं की सामना जिंकला की खोके उघडायचे.

सामना आम्ही हरलो! तोही एका गुणाने, अगदी शेवटच्या चढाईवर. समोरचा गडी आत आला, आमच्या दोघांनी साखळी धरून त्याला बरोबर कोपऱ्यात घेतलं, आणि ऐन वेळी त्यांचे हात सुटले. गडी निसटून मधल्या रेषेवर. गावाचा हिरमोड झाला. खेळाडू मैदानातच मातीत बसले. संपत आमच्याकडे आला.

"ताई, खोके परत घेऊन जा. हरल्यावर गोड कोण वाटतं?"

सुरेखाने मान हलवली आणि खोक्यांवरची दोरी पुन्हा आवळायला लागली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"काय हाय त्यात? उघड," आण्णा म्हणाले.

तिने झाकण काढलं. आण्णांनी एक साखळी उचलली. उलटी करून पाहिली, कडेवर टिचकी मारली, डोळ्यांजवळ नेली. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं बराच वेळ बघितलं. सुरेखा त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. मग आण्णा ते बिस्किट घेऊन सरळ मैदानात शिरले आणि मातीत बसलेल्या पोरांपुढे जाऊन उभे राहिले.

"हे बघा रे. साखळी अशी धरत्यात. वढा. वढून बघा, सुटतोय का हात?"

एकाने भीत भीत ओढलं. सुटला नाही. (सुटणार कसा? दोन पळ्या तूप होतं!)

"कुनी केलंय हे, आण्णा?" कप्तानाने विचारलं.

"माझ्या सुरेखानं," आण्णा मोठ्याने म्हणाले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "उजव्या कोपऱ्याला खेळायची ती. तुमच्यावानी हात न्हाई सोडायची."

सुरेखाने पदराने तोंड पुसलं. डोळे पुसत होती, पण तोंड पुसतेय असं दाखवत होती. त्यानंतर खोके उघडायला कुणाला सांगावं लागलं नाही. हरलेलं गाव साखळ्या मोडून खात होतं आणि प्रत्येकजण खाण्याआधी ओढून बघत होता. शेवटी एका खोक्यात एकच बिस्किट उरलं. ते तिने मी झोपल्यावर काढलं असावं, कारण मीही पाहिलं नव्हतं. सगळ्यांपेक्षा जास्त पसरलेलं, मांडी घालून बसलेलं, गोल पोटाचं, चष्मा लावलेलं.

"हा कंचा खेळाडू?" आण्णांनी विचारलं.

"तो प्रेक्षक आहे," सुरेखा म्हणाली.

"आवो, हे तर आपले दाजी!" संपत ओरडला, आणि सामना हरलेलं गाव पोट धरून हसलं.

आण्णांनी ते बिस्किट हातात घेतलं, एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि वरून मोठा घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावलं.

"जावईबापू लई खुसखुशीत हायेत," ते म्हणाले.

सासऱ्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि तो काढला तेव्हा माझं डोकं त्यांच्या दाढेखाली होतं.