फरशीवरचा पास

देहरादूनच्या रिंकवर अझहर मुजावरनं अशी माती खाल्ली, की बर्फावर माती खाणारा कोल्हापुरातला तो पहिलाच गडी म्हणायचा. महाराष्ट्राच्या आइस हॉकी संघाची निवड चाचणी होती, बर्फाच्या रिंकसाठी एवढ्या लांब नेलेली. सामना संपत आलेला. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, अझहरच्या स्टिकला चिकटलेली, आणि डावीकडं गोलच्या तोंडाशी त्याचा जोडीदार सम्मेद चौगुले एकटा मोकळा. स्टिक आपटून ओरडत होता, "अझ्या, दे! दे की मर्दा!"

अझहरनं दिला नाही. आणखी एकाला चकवू म्हणाला. चकवला. मग आणखी एकाला. त्याच्या पुढच्यानं पक काढून घेतला आणि शिट्टी वाजली.

दोघांचीही निवड झाली नाही. वयाच्या हिशेबानं अझहरला पुढचं वर्ष शिल्लक होतं, सम्मेदला नव्हतं. त्याच्या वडिलांनी, बाबासो अप्पांनी, आधीच सांगून ठेवलेलं, "निवड झाली तर खेळ. न्हाय झाली तर गडहिंग्लजला पंपाचं दुकान घालतोय, गल्ल्यावर बस."

आता कोल्हापुरात बर्फ कुठला? मासळी बाजारात नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. चाकाच्या स्केट्सवर पळायला सिमेंटचा रिंक होता, पण त्यावर पक उड्या मारतो. पास शिकायचा तर जमीन गुळगुळीत पाहिजे, आणि ती पुरवली अझहरच्या अब्बांनी. गैबी मिस्त्री फरशी पॉलिश करतात, पोरगाही मशीन धरतो. कुणाचा बंगला असो की मंगल कार्यालय, शेवटचा हात मारून फरशी धुतली, की मालक येईपर्यंत एखादी संध्याकाळ ती मोकळी असायची. तेवढ्यात अझहर आणि सम्मेद पायात मोजे घालून ओल्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पास मारायचे. लोकांच्या घरात लोकांच्या आधी हेच नांदून गेले.

"खाली काय बघतोस? पक काय पळून जातोय व्हय?" सम्मेद म्हणायचा. "मान वर कर. माझ्याकडं बघ."

"तुझ्यात बघण्यासारखं काय हाय?"

नियम एकच. ज्याच्या स्टिकवरून पक सुटेल त्यानं दूध कट्ट्यावर, जिथं गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, दुसऱ्याला ताजं दूध पाजायचं. बहुतेक वेळा सम्मेदच पाजायचा. अझहरकडून पक काढून घेणं सोपं नव्हतंच. पक सोडणं तेवढं त्याला कधी जमलं नाही.

परतताना रेल्वेत सम्मेद शिव्या देईल, निदान एक कानाखाली ओढेल, या आशेवर अझहर बसून होता. सम्मेदनं त्याला खिडकी दिली, आईनं बांधून दिलेल्या धपाट्यातला अर्धा मोडून दिला, आणि चाचणीचं नाव काढलं नाही. तेच लागलं. शिवी दिली असती तर निदान परत करता आली असती.

दिवाळीनंतर गैबी मिस्त्रींना काम आलं. गडहिंग्लजला, बाबासोंच्या नव्या दुकानाची फरशी.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा की अब्बा."

"का? तुझा दोस्त हाय म्हणून त्येंनी आपल्याला बोलावलंय," अब्बा म्हणाले आणि मशीन टेम्पोत चढवलं.

मशीन फिरत होतं, पांढरट चिखल बाजूला होत होता आणि खालून सम्मेदचं दुकान वर येत होतं. फरशी जितकी चांगली होईल तितका सम्मेद इथं पक्का बसेल, हे अझहरला कळत होतं. पण वाईट काम करायला हात तयार नव्हता. एवढं मन लावून त्यानं आयुष्यात दुसरं काही घासलं नव्हतं.

दिवस कलताना फरशी धुऊन झाली. अब्बा सामान भरायला बाहेर गेले. सम्मेद वायपरनं पाणी ओढत होता. अझहरनं पिशवीतून स्टिक आणि पक काढला, मोजे चढवले.

"सम्या."

सम्मेदनं वर बघितलं. या वेळी अझहरची मान खाली गेली नाही. सम्मेदच्या डोळ्यांत बघत त्यानं पास सोडला. सरळ, जमिनीला धरून, पाणी कापत गेलेला. सम्मेदनं वायपर तिरका धरून तो अलगद थांबवला.

"आता मार की हिकडं!"

सम्मेद हसला. वायपर मागं घेतला, आणि त्याची नजर फरशीवर गेली. पक आला त्या वाटेवर काळी रेघ उठली होती. असल्या रेघा त्यांनी लोकांच्या बंगल्यांत कितीतरी ओढल्या होत्या आणि हसत हसत पुसल्या होत्या.

"डाग पडंल रे," सम्मेद म्हणाला. "उद्या अप्पा पूजा घालत्यात."

वाकून त्यानं पक उचलला, अझहरच्या हातात आणून दिला आणि फडकं घेऊन गुडघ्यावर बसला. रेघ तो मालकासारखी पुसत होता. अझहरही शेजारी बसून पुसायला लागला.

"देहरादूनला माझ्या स्टिकवरनं पक गेलता," फडकं पिळत अझहर म्हणाला. "माझ्यावर एक ग्लास दूध हाय."

"हाय की."

"मग चल. टेम्पोत जागा हाय."

"आणि पूजेची तयारी कोण, तुझा काका करतोय? कोल्हापूरला आलो की पाज. मी काय सोडतोय व्हय तुला?"

बाहेर अब्बांनी हॉर्न दिला.

सम्मेद कोल्हापूरला येतो. नाही असं नाही. दुपारी येतो, पंपांचा माल भरतो आणि उन्हं उतरायच्या आत गडहिंग्लजचा रस्ता धरतो. कट्ट्यावर म्हशी येतात त्या दिवे लागल्यावर.